दोनशे चौदा

मे २०२४ मधल्या एका रविवारी घरच्या सर्व्हरचा एक पोर्ट मोकळा करायला गेलो आणि होते त्यातले दोन घालवून बसलो.

मदरबोर्डवर डिस्क जोडायचे साटाचे सहा पोर्ट, सहाही भरलेले. चार-चार टीबीच्या चार डिस्क, टेपवरून उतरवलेलं आधी जिथं पडतं ती दोन टीबीची जुनी डिस्क, आणि लिनक्स असलेली छोटी एसएसडी. म्हटलं, लिनक्स एनव्हीएमई डिस्कवर नेऊ. ती बोर्डावरच्या एम-टू खाचेत आडवी बसते, केबल लागत नाही, म्हणजे एसएसडीचा पोर्ट सुटेल. बसवली, बटण दाबलं, तर पाच आणि सहा नंबरचे पोर्ट गप्प. एक डिस्क दिसेना म्हणून डिस्कांचा कारभार बघणाऱ्या झेडएफएसची तक्रार, आणि दोन टीबीची डिस्क तर गायबच. मॅन्युअल काढलं. एका तक्त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ही खाच भरली की साटाचे शेवटचे दोन पोर्ट बंद. चिपसेटकडून येणारी वाट एकच, ती एक तर इकडे वळणार नाहीतर तिकडे. सांगलीत आमच्या गल्लीतल्या नळाचं असंच होतं. वरच्या आळीचा कॉक उघडला की आमच्याकडे करंगळीएवढी धार.

हॉलमधून अण्णांचा आवाज आला, "बंद पडलं काय रे?"

"दोन मिनिटं, अण्णा."

"मिरवणूक आत्ता कुठं मारुती रोडला आली होती."

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सांगलीत व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. लग्नं, मुंजी, वास्तुशांत, गणपतीच्या मिरवणुका, शाळांची गॅदरिंग, आणि हौशी नाटकं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत, तेव्हापासून गावाला नाटकाची खाज आहे, आणि ती खाज अण्णांच्या कपाटात व्हीएचएसच्या रूपानं साठत गेली. गिऱ्हाइकाला एक प्रत द्यायची आणि मूळ टेप आपल्याकडं ठेवायची, हा त्यांचा नेम. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. दुकान तळमजल्यावर होतं. खालचे तीन कप्पे गेले, वरचे दोन राहिले. राहिलं त्यातल्या मी १८० मिनी-डीव्ही आणि ९० व्हीएचएस मोजल्या, पत्र्याच्या दोन ट्रंकांत भरल्या आणि मानेसरला आणल्या. पुढच्या वर्षी अण्णाही आले. आले म्हणजे येऊन-जाऊन असतात. मानेसर त्यांना अजून मानवलेलं नाही.

मानेसर म्हटलं की लोकांना मारुतीचा कारखाना आठवतो, नाहीतर एनएसजीचे कमांडो. मी यांतल्या एकाही ठिकाणी नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, चाकणहून बदली होऊन आलो. चाकणचे बरेच जण इथं भेटतात. कँटीनमध्ये पोह्यांवरून उसासे टाकणारा एखादा तरी टेबलावर असतोच.

आता हिशेब. मिनी-डीव्हीच्या एका तासाला १३ जीबी लागतात. १८० तासांचे २,३४० जीबी. व्हीएचएस तीन-तीन तासांच्या. त्याही एका जुन्या कॅमेऱ्यातून फिरवून डीव्हीतच उतरवतो, त्यांचे ३,५१०. सगळे मिळून सहा टीबीला थोडेच कमी. प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर, म्हणजे जागा दुप्पट. शिवाय घरचे फोटो, मुलीची कार्टून्स, सिनेमे. दाबून लहान केलं असतं तर हे सगळं एका कोपऱ्यात मावलं असतं, पण अण्णा ऐकत नाहीत. "एकदा दाबलं की परत फुगत नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि ते तंतोतंत खरं आहे.

मोठ्या दोन डिस्क का घेतल्या नाहीत, असं शेजारच्या सुभेदारसाहेबांनीही विचारलं. ते रेवाडीकडचे, फौजेतून निवृत्त. कारण साधं होतं. कारखान्यातल्या सीसीटीव्हीचे रेकॉर्डर बदलले तेव्हा चार टीबीच्या चार डिस्क भंगाराच्या भावात मिळाल्या होत्या, रीतसर पुसून. प्रत्येकीचे ३१,००० तास भरलेले, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड फिरलेल्या. फुकटासारखी मिळालेली वस्तू कपाटात पडून राहिली की माझ्यातला सांगलीकर अस्वस्थ होतो. म्हणजे आठ डिस्क, आणि चालू पोर्ट चार.

पहिला उपाय अर्थातच स्वस्तातला. एका पोर्टाचे पाच करणारी हिरवी पट्टी ऑनलाइन मागवली. आली, जोडली, पाचपैकी एकच डिस्क दिसली. मग वाचत बसलो. अशा पट्टीला पोर्ट मल्टिप्लायर म्हणतात, आणि पलीकडच्या कंट्रोलरला ती भाषा यावी लागते. इंटेलच्या चिपसेटमधल्या साटाला ती येत नाही. पट्टी चांगली होती, बोर्डही चांगला होता, दोघांची बोलीभाषा जुळत नव्हती. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मुलीच्या खेळण्यांत टाकली. बरेच दिवस ती तिच्या भातुकलीतली शेगडी होती.

खरा उपाय सर्व्हरवाल्यांचा. एचबीए नावाचं कार्ड. मोठ्या कंपन्यांचे जुने सर्व्हर निकालात निघाले की त्यातली ही कार्डं बाजारात येतात. आत एलएसआयची २००८ नावाची चिप, कडेला दोन रुंद कनेक्टर, आणि प्रत्येकातून चार शेपटांची केबल निघते. दोन चोक आठ. डिस्क साटाच्या असल्या तरी चालतात. आयबीएम, डेल अशा कंपन्यांनी हेच कार्ड आपापल्या नावानं विकलेलं आहे, त्यामुळे बाजारात एकाच देहाचे चार-पाच अवतार सापडतात.

बाजार म्हणजे नेहरू प्लेस. रविवारी बंद, म्हणून शनिवारची सुट्टी टाकली. खेडकी दौलाचा टोलनाका ओलांडून गुरुग्राम, तिथून मेट्रो, हौज खासला बदलून नेहरू एन्क्लेव्ह. लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली पाहिलेल्या माणसाला नेहरू प्लेसचं चौकातलं फरशीचं मैदान आधी फार मोकळं वाटतं, मग कानाशी "लॅपटॉप? प्रिंटर? टोनर?" सुरू होतं आणि आपण घरीच असल्यासारखं वाटतं. उन्हात पंधरा मिनिटं फिरलो. तळघरातल्या एका दुकानात, जेमतेम एक माणूस मावेल एवढ्या जागेत, एक सरदारजी मांडीवर सर्व्हरची पेटी उघडून बसले होते. कार्ड त्यांच्याकडे होतं. तीन हजार म्हणाले, सव्वीसशेला तुटलं.

मी केबल उचलली तेव्हा त्यांनी हात धरला. "ये मत लो. ये उल्टी है."

दोन केबली शेजारी धरून पाहिल्या. एका टोकाला तोच रुंद कनेक्टर, दुसऱ्या टोकाला तीच चार साटाची टोकं, तोच निळा रंग. फरक डोळ्यांनी दिसणं शक्य नव्हतं. एक कार्डाकडून डिस्कांकडे जाते, तिला फॉरवर्ड म्हणतात. दुसरी मदरबोर्डच्या चार पोर्टांकडून डिस्कांच्या पिंजऱ्याकडे जाते, ती रिव्हर्स. आतल्या तारांची जुळणी उलटी. चुकीची लावली तर धूर निघत नाही, काहीच बिघडत नाही, फक्त एकही डिस्क दिसत नाही, आणि माणूस आठवडाभर कार्डाला दोष देत बसतो. "लोग कार्ड वापस करने आते हैं, मैं केबल बदल के भेज देता हूँ," ते म्हणाले. दोन फॉरवर्ड घेतल्या. कुठल्याही गावच्या बाजारात असा एक माणूस असतो आणि त्याच्या दुकानाला पाटी नसते.

घरी आल्यावर कार्ड बसवलं तर मशीनच चालू होईना. पंखे फिरतात, पडदा काळा. कार्ड काढलं की सुरळीत. हा आजार मात्र माहितीतला निघाला. यातली काही कार्डं साध्या डेस्कटॉप बोर्डाशी एका बारीक वाटेवरून बोलायला जातात आणि बोर्ड गोंधळतो. कार्डाच्या सोनेरी दातांपैकी, चिपच्या बाजूनं, पाचवा आणि सहावा दात म्हणजे ती वाट. त्या दोघांवर चिकटपट्टी लावायची. एकेका दाताला एक मिलिमीटर जागा, म्हणजे दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी. चौथ्यावर चढली तर नको, सातव्यावर गेली तर नको.

माझा हात थरथरतो. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडून कॅप्टॉन टेप घेतली, आणि ब्लेडनं काचेवर ती मधाच्या रंगाची पट्टी कापली. व्हीसीआरच्या हेडवरून केसाएवढा कचरा काढत ज्यानं तीस वर्षं घालवली त्याला हे काय. चिमट्यानं पट्टी ठेवली, नखानं दाबली. "बघ आता." पडदा उजळला.

पण कार्डाच्या पोटात रेडचं फर्मवेअर होतं. ते डिस्कांना एकत्र बांधून आपली मालकी सांगतं. झेडएफएसला मात्र प्रत्येक डिस्क उघडी, मध्ये कुणी न बसता हवी असते. त्यासाठी आयटी मोडचं फर्मवेअर चढवतात. आयटी म्हणजे आपली आयटी नव्हे, इनिशिएटर-टार्गेट. आधी जुनं पुसायचं, मग नवं लिहायचं, आणि पुसल्यापासून लिहून होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा सोळा अक्षरांचा पत्ता वहीत उतरवून घेतला. रात्री पावणेअकराला पुसलं. नवं लिहायला सुरुवात केली आणि लाइट गेली.

आमच्या सोसायटीत जनरेटर आहे. लाइट गेल्यापासून तो पकडेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. (हिवाळ्यात हवा बिघडली की या भागात डिझेल जनरेटरवरही निर्बंध येतात, तेव्हा मे महिना परवडला.) यूपीएस होता. तो दर दोन सेकंदांनी टिटवीसारखा ओरडत होता आणि अंधारात फक्त पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी दिसत होत्या. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची, आणि सहा महिन्यांपासून बदलायची म्हणून मी यादीत लिहून ठेवलेली. बायको दारात मोबाइलचा टॉर्च धरून उभी. कुणी काही बोललं नाही. मग खाली जनरेटर धडधडला, ट्यूब लागली, आणि ओळीच्या शेवटी 'सक्सेसफुल' असा शब्द उमटला. बॅटरी मी दुसऱ्या दिवशी आणली.

आठही डिस्क दिसल्या त्या रात्री मी जेवलो नव्हतो हे झोपताना लक्षात आलं.

यापुढचं काम विजेचं आणि उष्णतेचं. पॉवर सप्लायला साटाचे चारच प्लग. एकाचे दोन करणाऱ्या वायरी घ्यायच्या होत्या, तर अण्णा म्हणाले ओतीव प्लास्टिकचे घेऊ नकोस. प्लास्टिक ओतताना आतल्या तारा सरकलेल्या असल्या तरी वरून कळत नाही, आणि एक दिवस आतल्या आत जळतं. लग्नाच्या मांडवात हॅलोजनच्या पिना जळताना त्यांनी खूप पाहिलेल्या. तार वरून दाबून बसवलेले, मागचं झाकण उघडता येणारे प्लग घेतले. आठ डिस्क एकदम फिरायला लागतात त्या क्षणी प्रत्येकी वीस-पंचवीस वॅट ओढतात; एकदा वेग घेतला की पाच-सहावर येतात. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, निभावलं.

उष्णतेचं मात्र निभेना. हे कार्ड सर्व्हरच्या सोसाट्याच्या वाऱ्यात राहायला बनलेलं. आमच्या डब्यात वारा कसला, उलट अरवलीकडून येणारी धूळ. आंधी आली की खिडकी बंद असूनही टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. कार्डावरच्या हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसला. चाळीस मिलिमीटरचा छोटा पंखा हीटसिंकवर केबल टायनं बांधला. बांधता बांधता म्हटलं, शेपटांचं जंजाळ झालंय, तेही आवरू. एका टायनं चार शेपटं एकत्र घेतली, पकडीनं टोक ओढलं, उरलेलं कापलं. आत सगळं शोरूमसारखं दिसायला लागलं. फोटोही काढला.

आठवड्याभरानं चित्र अडखळायला लागलं. एखाद्या टेपमध्ये नवरी हार घालायला हात उचलते आणि दोन सेकंद तशीच. मग पुढं. दुसऱ्यांदा लावलं तर तिथं काही नाही, भलतीकडंच अडकतं. टीव्हीवर व्हिडिओ दाखवणाऱ्या जेलीफिनला शिव्या घातल्या, वायफायला घातल्या. शेवटी डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतात ती स्मार्टची माहिती काढली. सात नंबरच्या डिस्कवर १९९ क्रमांकाच्या ओळीत ६१. बाकी सगळ्यांचा शून्य. दुसऱ्या दिवशी १३८. तिसऱ्या दिवशी २१४.

म्हटलं डिस्क चालली. भंगारातलीच ती. त्यात तिचं तापमान ५२ अंश. त्या आठवड्यात दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली होती आणि देशभर बोंब झाली होती. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. मी नवीन डिस्कचे भाव बघत बसलो होतो.

"एकशेनव्याण्णव म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. डिस्क आणि कार्ड यांच्यामध्ये पाठवलेला मजकूर पोचताना बिघडला, तर तो परत मागवला जातो आणि हा आकडा एकानं वाढतो. परत मागवल्यामुळे मजकूर शेवटी बरोबर येतो, पण वेळ जातो.

"मध्ये म्हणजे वायरीत?"

"हां."

"मग डिस्क कशाला बदलतोस लेका? गिऱ्हाईक यायचं, चित्रावर बर्फ पडतोय म्हणून. टीव्ही बदलून बसलेलं असायचं. पिन ढिली असायची. आधी वायर फिरवून बघ की."

क्वालिटीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. कारखान्यात आम्ही रोज हेच करतो. दोष सुट्या भागाबरोबर फिरतो की जागेवर राहतो ते आधी बघायचं. मशीन बंद केलं. सातव्या डिस्कचं शेपूट सहाव्याला लावलं, सहाव्याचं सातव्याला. शेपटांवर पी-वन ते पी-फोर छापलेलं असतं; संशयित होतं दुसऱ्या केबलचं पी-थ्री. रात्रभर सगळ्या टेपांची तपासणी लावून ठेवली. सकाळी सातव्या डिस्कचा आकडा २१४, जिथल्या तिथं. सहाव्याचा शून्यावरून ९.

झाकण उघडलं. मला काही दिसेना. अण्णांनी डोळे मिटले आणि पी-थ्री टोकापासून दोन बोटांत धरून हळूहळू सरकत नेलं, जसं पूर्वी टेप कुठं चुरगळलीय ते बघायचे. पंख्याजवळ बोटं थांबली. "हितं."

माझा केबल टाय. शोरूमसाठी आवळलेला. त्याखाली पी-थ्री चपटं होऊन काटकोनात मुडपलेलं होतं. टाय कापला तरी चपटेपणा तसाच. या शेपटात केसासारख्या तारांच्या जोड्या असतात, त्यांच्यातलं अंतर कायम राहावं लागतं, वर पातळ पत्र्याचं वेष्टण असतं. सेकंदाला सहाशे कोटी बिट जाऊ शकतील अशी ती वाट, आणि मी तिला कोथिंबिरीच्या जुडीसारखं बांधलं होतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा नेहरू प्लेस. सरदारजींनी जुनी केबल हातात घेतली, चपटं झालेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता नवी काढून दिली. पैसे पूर्ण घेतले. या वेळी शेपटं बांधली नाहीत. ती डब्यात शेवयांसारखी पसरलेली आहेत आणि मुलगी म्हणते बाबा, घाण दिसतंय.

आठ डिस्कांच्या चार जोड्या, जागा सोळा टीबी, त्यातली निम्मी अजून मोकळी. व्हीएचएसच्या चाळीसेक टेप उतरवायच्या राहिल्यात. एका तासाच्या टेपला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही, म्हणून अण्णांनी सांगलीची परतीची तिकिटं दोनदा पुढं ढकलली. रोज दुपारी ते टेप लावतात, वहीत तारीख आणि गाव लिहितात, आणि स्वतःच्या जुन्या शूटिंगला नावं ठेवतात. "हा झूम कशाला केला मी? मूर्ख." परवा मिरजेतल्या एका लग्नात पंगतीच्या कोपऱ्यात आई वाढताना दिसली, बहुतेक मदतीला गेली असेल. कॅमेरा तिच्यावर अर्धा मिनिट थांबलेला होता. अण्णांनी त्यावर काही म्हटलं नाही. वहीत मात्र वेळ लिहून ठेवली.

१९९ चा आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलली, दोष गेला, तरी तो डिस्कवर तसाच राहतो. म्हणून रोज सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी मी फोनवर तेवढी ओळ बघतो. अण्णा चहा ओतत असतात.

"किती?"

"दोनशे चौदाच."